थायरॉइड आणि स्वभाव: दाराशी विचारले जाणारे प्रश्न

“डॉक्टर, मला थायरॉइड आहे,” असं सांगत पेशंट खुर्चीत बसतात. थायरॉइड मलाही आहे आणि तुम्हालाही. ते आजाराचं नाव नाही, कंठाच्या जरा खाली श्वासनलिकेला बिलगून बसलेल्या ग्रंथीचं नाव आहे. पाठ्यपुस्तकात तिला अवटु ग्रंथी म्हणतात, पण तालुक्याच्या गावी इतकी वर्षं दवाखाना चालवून हा शब्द मी एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. वजन, केस, पाळी यांबद्दल लोक मोकळेपणी बोलतात. स्वभावाचा विषय मात्र फाइल उचलून झाल्यावर, चपला घालता घालता निघतो. “अजून एक विचारायचं होतं,” असं म्हणून विचारलेले हे प्रश्न.

थायरॉइडमुळे माणसाचा स्वभाव बदलतो का?

स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे. घोळ वेगळाच होतो: जे स्वभावात मुळी नाहीच, त्यालाही आपण स्वभाव म्हणून मोकळे होतो. आळशी, रडकी, तिरसट, विसरभोळी ही विशेषणं घरात फार स्वस्तात वाटली जातात. थायरॉइडचे आजार बायकांमध्ये पुरुषांच्या कितीतरी पट जास्त, त्यामुळे ती बहुधा बायकांच्याच वाट्याला येतात.

म्हणून मी आधी एवढंच विचारते: कधीपासून? “लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच आहे,” असं उत्तर आलं तर ग्रंथीवरचा माझा संशय कमी होतो. “गेल्या गणपतीत एकटीने पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला, आता दोघांसाठी काय करायचं तेही सुचत नाही,” असं कोणी म्हणालं की मी रक्ततपासणी लिहून देते. माणसाचा पिंड सहा महिन्यांत पालटत नाही. या आजारात बदलतो तो वेग, मूड आणि सोसण्याची ताकद. बाहेरून लोकांना दिसतं तेही एवढंच, म्हणून ‘माणूसच बदलला’ असं वाटतं.

गळ्यातल्या ग्रंथीचा डोक्याशी काय संबंध?

ग्रंथीतून मुख्यतः टी४, म्हणजे थायरॉक्सिन हे हार्मोन, बाहेर पडतं. तो कच्चा माल समजा. पेशींना प्रत्यक्ष लागतं ते टी३, आणि मेंदू त्यातलं बरंचसं स्वतःच घडवून घेतो. चेतापेशींच्या आजूबाजूला ताऱ्याच्या आकाराच्या मदतनीस पेशी असतात. त्या टी४ मधला आयोडीनचा एक अणू काढतात आणि तयार टी३ शेजारच्या चेतापेशीला देतात. पुरवठा घटला की विचार, आठवण, लक्ष, सगळ्याची गती उतरते.

आता टीएसएच. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते. ती थायरॉइडला ‘काम कर’ असा हुकूम सोडते, तो हुकूम म्हणजे टीएसएच. थायरॉइड ढिली पडली की हुकूम चढ्या आवाजात सुटतो. म्हणजे टीएसएच वाढलं तर ग्रंथी मंद, टीएसएच तळाला गेलं तर ग्रंथी सुसाट. हे उलटं गणित घरोघरी चुकतं आणि ‘थायरॉइड वाढलाय’ या दोन शब्दांत दोन विरुद्ध आजार एकत्र कोंबले जातात. स्वभावाबद्दल काही बोलण्याआधी आपला आजार यातला कोणता, ते रिपोर्टवर बघा.

हार्मोन कमी असेल तर विचारांवर काय परिणाम होतो?

सगळं जड होतं. शब्द ओठांवर येऊन अडकतो. टीव्हीवरची बातमी ऐकली जाते, पण आत शिरत नाही. एका शिक्षिकेने मला सांगितलं होतं, “मुलं प्रश्न विचारतात, उत्तर मला येतं, पण ते येईपर्यंत तास संपतो.” यापेक्षा नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. बुद्धी शाबूत असते, पण ती वापरायला दुप्पट कष्ट पडतात. त्यातून उत्साह जातो, लोकांत मिसळणं नको वाटतं, डोळ्यांत उगाच पाणी येतं. हल्ली पेशंट याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. डोक्यात धुकं, बरोबरच आहे.

सोबत शरीरही खुणा देतं: इतरांना उकडत असताना हिला स्वेटर लागतो, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सकाळी सुजलेला चेहरा, घोगरा आवाज. फोनवर “काका, काकू आहेत का?” असं खुद्द काकूंनाच विचारलं जातं. मनाच्या तक्रारीला अशा दोन-तीन शारीरिक खुणांची जोड असेल तर तपासणी टाळू नका.

पूर्वी ‘वेड लागलं’ म्हणायचे ते हेच का?

काही वेळा, हो. १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी प्रौढ बायकांमधल्या एका विचित्र अवस्थेचं वर्णन केलं: फुगलेला चेहरा, जाड जीभ, संथ बोलणं, निस्तेज झालेलं मन. काही वर्षांत विल्यम ऑर्ड यांनी तिला मिक्सिडीमा हे नाव दिलं. मग लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने चौकशीसाठी समितीच नेमली. १८८८ च्या तिच्या अहवालात आहे की या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना, विशेषतः आजार पुढे गेलेल्यांना, भ्रम किंवा भास होत होते. उपचारच नव्हता, त्यामुळे आजार तळापर्यंत जायचा आणि माणूस वेड्यांच्या इस्पितळात.

उपचार १८९१ मध्ये सापडला. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला सुईने टोचला. मंदावलेली, सुजलेली ती बाई पुन्हा बोलती-चालती झाली आणि त्यानंतर आणखी २८ वर्षं, १९१९ पर्यंत जगली. तेवढ्या काळात ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. आज जे काम सकाळची एक गोळी करते, त्याचा हिशेब तेव्हा कळपांत होता.

औषध मिळालं तरी निदान चुकतच राहिलं. १९४९ मध्ये लंडनच्याच रिचर्ड अॅशर यांनी १४ रुग्णांची हकिगत छापली. मानसिक आजार उघड दिसत होता, मूळ थायरॉइडमध्ये होतं. हार्मोन दिल्यावर बहुतेकांचं मन ठिकाणावर आलं. त्या लेखापासून मानसोपचाराला आलेल्या रुग्णाची थायरॉइड तपासणी करायची सवय डॉक्टरांच्या अंगी बाणली. आता इतक्या टोकाचा रुग्ण क्वचित दिसतो.

आणि हार्मोन जास्त झालं तर?

मग घड्याळ पुढे धावतं. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, भूक असून वजन उतरतं. मनात विचार एकावर एक चढतात, एकही पुरा होत नाही. क्षुल्लक कारणावरून भडका उडतो आणि पाच मिनिटांनी रडू येतं. पुष्कळ जण आधी ‘टेन्शन’ची गोळी घेऊन, मग ईसीजी काढून, शेवटी थायरॉइडपर्यंत पोचतात.

शाळकरी मुलांत हे ओळखणं अवघड. नववीतल्या एका मुलीला तिची आई अक्षर बिघडलं म्हणून रागावत होती. मार्क घसरले, वर्गात बूड टिकत नाही, उलट उत्तरं देते. वय नडतंय असा घरात निकाल लागलेला. मी हात पुढे करायला सांगून बोटांवर कागद ठेवला, तो थरथरत होता. अक्षराचं कारण तिथे होतं.

साठी-सत्तरीत उलटाच प्रकार होऊ शकतो. हार्मोन जास्त असूनही म्हातारा माणूस चिडत नाही, धावपळ करत नाही. गप्प, उदास, वाळत गेलेला दिसतो. घरचे म्हणतात वय झालं, डॉक्टरला कधी कॅन्सरची शंका येते. नाडी मात्र अनियमित लागते.

एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांचं. मे १९९१ मध्ये जॉगिंग करताना त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि तपासणीत ग्रेव्ह्जचा आजार निघाला, म्हणजे ग्रंथीला सुसाट पळवणारा. पत्नी बार्बरा यांना तोच आजार आधीच झालेला होता. मग बुश यांची ती अखंड लगबग म्हणजे ग्रंथीचा खेळ होता का, अशी चर्चा रंगली. असली निदानं लांबून करायची नसतात. लगबगी माणसाला थायरॉइडचा आजार होऊ शकतो, त्यावरून त्याची सगळी लगबग आजारातून आली असं ठरत नाही.

चिडक्या किंवा फार मनाला लावून घेणाऱ्या स्वभावामुळे थायरॉइडचा आजार होतो का?

हा प्रश्न विचारणारीच्या डोळ्यांत बहुधा अपराधी भाव असतो, कारण घरात कोणीतरी तिला सुनावलेलं असतं: “इतका विचार करतेस म्हणून झालं.”

या कल्पनेला इतिहास आहे. ग्रेव्ह्जच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक इंग्लंडच्या बाथ शहरातले डॉक्टर केलेब पॅरी यांचं. त्यांनी २१ वर्षांच्या एका मुलीची नोंद ठेवली होती. उतारावर चाकाच्या खुर्चीतून ती फेकली गेली, भयंकर घाबरली, आणि थोड्याच दिवसांत धडधड सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनातल्या संघर्षाशी जोडलेल्या सात आजारांची यादी केली. दमा, पेप्टिक अल्सर, उच्च रक्तदाब यांच्या जोडीला हायपरथायरॉइडही, म्हणजे हार्मोन जास्त होणंही, तिच्यात होतं. अमुक घडणीच्या माणसाला अमुक आजार, असा तो विचार होता. तो काही टिकला नाही.

आज आपल्याला माहीत आहे की ग्रेव्ह्ज आणि ग्रंथीला मंद करणारा हाशिमोटो या दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. आनुवंशिकता, बाईचं शरीर, आयोडीन, ग्रेव्ह्जच्या बाबतीत सिगारेट, असे अनेक धागे त्यात आहेत. मोठ्या धक्क्याचा धागा पूर्णपणे सोडून देता येत नाही. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या २०० हून जास्त नव्या ग्रेव्ह्ज रुग्णांच्या पाहणीत आजाराआधीच्या वर्षात त्यांना इतरांपेक्षा जास्त दुःखद घटना सोसाव्या लागल्याचं दिसलं होतं. पण धक्का बसणं म्हणजे स्वभावाचा दोष नव्हे. स्वभावामुळे तुम्ही आजार ओढवून घेतला, असं कोणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

टीएसएच ६ आलंय. विसरभोळेपणा त्यामुळेच ना?

बहुधा नाही. प्रयोगशाळांची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ असते. टीएसएच थोडं वर पण टी४ ठीक असेल तर त्याला सबक्लिनिकल म्हणतात. या टप्प्यावर विचारशक्तीत फरक पडलाच तर तो फार बारीक असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ६५ वर्षांवरच्या अशा ७३७ लोकांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी दिली. वर्षभरानंतर थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. तरुण बाई, गरोदरपण, अँटिबॉडी जास्त असणं, टीएसएच १० च्या वर असणं, ही गणितं वेगळी. ती डॉक्टरला करू द्या.

आपल्याकडे खऱ्या आजाराचं प्रमाणही कमी नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइड, म्हणजे हार्मोन कमी पडण्याचा आजार, होता. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना याचा पत्ताच नव्हता. काहींना विनाकारण गोळी चालू आहे आणि काहींना गरज असून नाही, हे दोन्ही एकाच गल्लीत बघायला मिळतं.

गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी डोकं चालत नाही. असं का?

आधी वेळ किती झाला ते बघा. थायरॉक्सिन शरीरात सावकाश साठतं, निम्मं संपायलाच त्याला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करतात. रक्त आधी सुधारतं, मन मागून येतं.

मग घ्यायची पद्धत. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही. हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ४ तासांचं अंतर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा, नाहीतर रिपोर्टच खोटा येऊ शकतो.

हे सगळं चोख असूनही थायरॉक्सिन घेणाऱ्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांची तक्रार उरते. ती खोटी नसते. शोध मात्र बाकीच्या ठिकाणीही घ्यावा लागतो: रक्त कमी आहे का, बी-१२ किती (शाकाहारी घरांत हे आधी बघते), घोरताना श्वास अडकतो का, रजोनिवृत्ती, नैराश्य. डोस चढवून घ्यायचा मोह होतो. २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात १३८ जणांचा डोस त्यांच्या नकळत कमी-जास्त केला गेला. मूड आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक आला नाही, पण लोकांना आवडला तो डोस, जो जास्त आहे असं त्यांना वाटत होतं! जादा डोसने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं झिजतात. वजन उतरवायला मनानेच दोन गोळ्या घेणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या त्या सुनेशी कडाक्याचं भांडून. टीएसएच जवळपास शून्य होतं.

डिप्रेशनची गोळी घ्यायची की थायरॉइडची?

कधी ही, कधी ती, कधी दोन्ही. हायपोथायरॉइड स्पष्ट असेल तर आधी तो सुधारायचा. काहींचा उदासपणा तेवढ्याने जातो, काहींचा उरतो आणि त्यावर स्वतंत्र उपचार लागतो. उलट रिपोर्ट नॉर्मल असेल तर नैराश्याला नैराश्यच म्हणावं. ‘थायरॉइड आहे’ हे नातेवाइकांना सांगायला सोपं पडतं, ‘डिप्रेशन आहे’ हे जड जातं, आणि त्या संकोचात वर्ष निघून जातं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका. १४४१६ ही सरकारी टेलि-मानस सेवा आहे, फोन फुकट लागतो.

मनोविकारावरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी टीएसएच बघावं, ते औषध ग्रंथीला मंद करू शकतं.

बाळंतपणानंतर सून एकदम बदलली. बाहेरची बाधा तर नाही ना?

नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के बायकांच्या थायरॉइडला सूज येते. सुरुवातीच्या काही महिन्यांत हार्मोन सांडतं, तेव्हा चिडचिड आणि धडधड. मग साठा संपतो, तेव्हा गळून जाणं आणि रडू. नेमक्या याच काळात जागरणं असतात, सगळं त्यांच्यावर ढकललं जातं. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींना गोळी कायमची लागते. प्रसूतीनंतरचं नैराश्य हा वेगळा आजार आहे, तोही सोबत असू शकतो. भगताकडे जायला जो वेळ आणि पैसा लागतो, त्यात दोन्हींची तपासणी होते.

सासरे विसरतात. थायरॉइडची गोळी दिली तर डिमेन्शिया बरा होईल?

विसरभोळेपणाच्या तपासणीत टीएसएच आणि बी-१२ असतंच, कारण ही दोन कारणं दुरुस्त करता येतात. पण निव्वळ थायरॉइडमुळे आलेला आणि गोळीने पूर्ण गेलेला डिमेन्शिया विरळा. तपासा, जास्त आशा लावून बसू नका. अचानक, काही दिवसांतच गोंधळलेला किंवा गुंगीत गेलेला माणूस मात्र थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचा.

पोटातल्या बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो का?

इथे मात्र मी कडक होते. मोठ्या माणसाचा मेंदू हार्मोनअभावी मंदावतो आणि बहुतांशी परत येतो. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो, गेलेली वेळ परत मिळत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरला भेटा, मनाने गोळी थांबवू नका. जन्मतः ग्रंथी काम करत नसलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर ते शाळेत इतरांसारखंच शिकतं. जन्मानंतर टाचेतून घेतात ते थेंबभर रक्त याचसाठी असतं, नको म्हणू नका.

आयोडीनयुक्त मिठाचं कारणही हेच. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन मिसळून गलगंड कमी होतो हे दाखवलं. त्यातून १९६२ मध्ये देशाचा कार्यक्रम उभा राहिला. उपवासाचं सैंधव एकादशीपुरतं ठीक. ते ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने वापरणार असाल तर पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का ते वाचा, बहुतेकदा नसतो.

मुलीला गोळी चालू आहे. स्थळ बघताना सांगावं का?

सांगावं, आणि चष्म्याचा नंबर सांगतात तितक्याच सहज. टीएसएच ठीक असलेल्या मुलीचा स्वभाव ग्रंथीमुळे बिघडलेला नसतो. समोरच्यांनी तेवढ्यावरून नकार दिला तर त्यांचा स्वभाव फुकटात कळला.

घरात भांडण झालं की “तुझा थायरॉइड वाढलाय” म्हणतात. काय उत्तर देऊ?

शेवटचा रिपोर्ट फ्रिजला चुंबकाने लावून ठेवा. एका पेशंटने खरंच लावलाय. टीएसएच २.१ असताना ती चिडली, तर ती ओटा आवरायला कोणी उठत नाही म्हणून चिडली आहे.

तपासणीला येताना काय आणू?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शक्य असेल तर तुमच्यासोबत राहणारं एक माणूस, कारण स्वतःतला फरक स्वतःला उशिरा कळतो. चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटोही आणा. चेहरा हळूहळू सुजतो तेव्हा रोज बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, जुना फोटो शेजारी धरला की येतं. फक्त आधार कार्डावरचा नको. त्यात सगळेच मिक्सिडीमाचे पेशंट दिसतात.